इन्स्ट्रुमेंटमामा

दसरा झाला की बीड जिल्ह्यातला माणूस कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांवर एक वल्ली मात्र गावातच मुक्काम ठोकून असते. ते इन्स्ट्रुमेंटमामा. तेलगाव घ्या, पांगरी घ्या, नाहीतर वाघाळा. कारखाना बदलला तरी मामा तेच.

वय पन्नाशीपलीकडं, खिशात टेस्टर, काखेत मल्टीमीटर. हातात तंबाखूची डबी. डबीच्या एका कप्प्यात तंबाखू आणि चुन्याच्या कप्प्यात १२० ओहमचे रेझिस्टर, तपकिरी-लाल-तपकिरी पट्ट्यांचे. चुना ते पानटपरीवर मागून घेतात. रेझिस्टर मागून मिळत नाही.

मोळी टाकायच्या दिवशी गव्हाणीजवळच्या गर्दीत मामांना कुणी ओळखत नाही. पण रात्री दोनला कंट्रोल रूमच्या पडद्यावर बॉयलरचे आकडे गोठले, की चीफ इंजिनिअरपासून वॉचमनपर्यंत सगळे एकच विचारतात, "मामा कुठंयत?"

मामा येतात आणि पॅनल उघडायच्या आधी केबल ट्रेवर टॉर्च मारतात. "ही वायर ड्राइव्हच्या केबलसंगं कामून वढली रं? फूटभर अंतर ठिवायला पैशे पडत होते का? आन् वलांडायचीच होती तर काटकोनात वलांडायची!" कंत्राटदाराचा पोरगा म्हणतो, "मामा, ट्रेमध्ये जागाच नव्हती." या उत्तरावर मामांना जितका संताप येतो तितका पगार थकल्यावरही येत नाही. आणि पगार थकणं म्हणजे काय, ते साखर कारखान्यातल्या माणसाला सांगायला नको.

यंत्रांना दोन तारांवरून एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या आरएस-४८५ चं मानक १९८३ सालचं. मामा ते काट्यावर शिकवतात. भरलेली बैलगाडी तोलायची, मग रिकामी तोलायची आणि वजाबाकी करायची. चाकाला चिकटलेला चिखल दोन्ही वेळा तेवढाच असतो, म्हणून वजाबाकीत निघून जातो. पिळाच्या जोडीतल्या दोन तारांचंही तेच. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हचा कचरा, म्हणजे नॉइज, दोघींवर सारखाच बसतो, रिसीव्हर फक्त फरक बघतो आणि त्याला २०० मिलिव्होल्टचा फरक पुरतो. "पर पीळ सोडून दोन कोरी वायरी दोन वाटंनी न्हेल्या, की चिखल एकाच गाडीला!"

काट्याचं उदाहरण ते उगाच घेत नाहीत. काटाघरातल्या इंडिकेटरची आरएस-२३२ ची वायर पंधरा-वीस मीटरपर्यंत ठीक. ती कुणीतरी ओढत ओढत ऑफिसात नेली होती. संगणकावर एकदा वजनाच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली. शेतकऱ्याला नॉइज समजावून सांगता येत नाही. त्याच्या लेखी काटा मारला, विषय संपला. त्या दिवशी चेअरमनपेक्षा मामा जास्त घामाघूम झाले होते.

खरेदी विभागाशी मामांचं पिढीजात वैर. मामा लिहितात, 'पीळ असलेली, शिल्डवाली केबल.' तीन कोटेशनं येतात आणि सगळ्यात स्वस्त म्हणून येते साधी चार कोरची, जिच्यात तारांभोवतीचं धातूचं शिल्डही नाही आणि पीळही नाही. वर स्टोअरकीपर ऐकवतो, "बाराशे मीटर चालतं असं पुस्तकात लिहिलंय." मामा म्हणतात, "स्पीड कमी ठिवला तर! पुढची ओळ वाच की."

बाकी नियम ते वारीतल्या अभंगासारखे तोंडपाठ म्हणतात. लाइन एका यंत्राकडून दुसऱ्याकडं सरळ न्यायची, मध्येच टी मारून फांद्या फोडायच्या नाहीत. रेझिस्टर दोन टोकांना दोनच. हौसेनं प्रत्येक यंत्राला लावला, तर सिग्नल दमतो. एका कंपनीचा 'ए' दुसरीचा 'बी' असू शकतो, म्हणून यंत्र बोलत नसेल तर कार्ड बदलायच्या आधी तारा उलटून बघायच्या.

आणि शिल्डचं अर्थिंग एकाच टोकाला. मिल हाऊसची जमीन आणि कंट्रोल रूमची जमीन कागदावर एकच. मीटर लावला तर दोघींत फरक निघतो. शिल्ड दोन्हीकडं जोडलं, तर तो फरक शिल्डमधूनच वाहू लागतो. मामा शिल्डची तार स्लीव्हमध्ये घालतात, फेरूल दाबतात, एका टोकाला लावतात. दुसरं टोक कापून वर टेप गुंडाळतात आणि ओढून बघतात.

अर्थिंगचा खड्डा ओला लागतो. २०१३ साली पाण्यावाचून परळीचं औष्णिक केंद्र बंद पडलं, गावोगाव टँकर लागले. त्याही उन्हाळ्यात मामा भांडी विसळलेलं पाणी बादलीत भरून सायकलवरून खड्ड्याला घालायला न्यायचे. मामी आजही पाहुण्यांना सांगते, "मी लावलेली तुळस वाळली, ह्यांचा खड्डा हिरवागार."

यंदा मुलीला स्थळ आलं. मुलगा चाकणला ड्राइव्ह बसवायच्या कामावर. म्हणजे शत्रुपक्षातलाच. पगार, फ्लॅट, शेती ही चौकशी मामीनं केली. मुलीनं विचारलं, लग्नानंतर तिची नोकरी चालेल ना. मामा तेवढा वेळ गप्प. पोहे संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न टाकला, "शिल्ड कुठं जोडता?"

मुलगा म्हणाला, "कुठल्या केबलचं? सिग्नलचं एकीकडं. ड्राइव्हपासून मोटरपर्यंतच्या केबलचं दोन्हीकडं."

मामांनी तंबाखूची डबी उघडली, आधी रेझिस्टरचा कप्पा त्याच्यापुढं धरला आणि मग मामीला म्हणाले, "तारीख काढा. पर गाळप संपल्यावरची."