दानशूर जंगलमालकांस खुले पत्र

प्रति,
मा. दानशूर जंगलमालक,
मुक्काम नागपूर

स. न. वि. वि.

चामोर्शी तालुक्यातली आपली झाडोऱ्याची जमीन निसर्ग उद्यानासाठी स्थानिक संस्थेला दान द्यायचा आपला मानस असल्याचं कळलं. ऊर भरून आला. या शुभकार्यात काही कमी पडू नये म्हणून चार सूचना.

आधी कमान उभारा, झाडं काय सवडीनं वाढतील. कमानीवर आपलं नाव ग्रॅनाइटमध्ये कोरा, पण पुढाऱ्यांच्या नावापेक्षा बारीक. आत पेव्हिंग ब्लॉकची पायवाट आणि सिमेंटचा वाघ हवाच. इकडे खरा वाघ दिसला की माणसं शेतात जायला धजत नाहीत, सेल्फी तर दूरच. सिमेंटच्या वाघानं ती सोय होईल. पायवाटेच्या आड येणारे मोह तोडून शोभेचे पाम लावता येतील.

तारेचं कुंपण विसरू नका. नाहीतर एप्रिलमध्ये गावच्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन हजर होतील. झाडाखालचा पालापाचोळा त्यांनी आधीच झाडून ठेवलेला असतो. त्या साफ जमिनीवर टपटप पडलेली मोहाची फुलं ऊन चढायच्या आत वेचायची, अंगणात वाळवायची आणि विकून घरचं तेलमीठ भागवायचं, असा त्यांचा शिरस्ता. विनातिकीट हे असलं बरं दिसत नाही.

अडचण एकच. शेजारच्या धानोरा तालुक्यात गावपुढारी देवाजी तोफांचं मेंढा-लेखा हे गाव आहे. वनहक्क कायद्याखाली 2009 साली या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एवढ्यावर न थांबता 2013 साली गावानं 1964 च्या ग्रामदान कायद्याचा आधार घेतला आणि आपापली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. कसणारा कसत राहतो, पण बाहेरच्याला विकता येत नाही. एवढं दान करूनही उद्यान काढायचं त्यांना सुचलं नाही!

तेव्हा दानपत्रात ग्रामसभेचंच नाव घालता येतं का, हे वकिलाला विचारून बघा. मोह वेचायचा, तेंदूपत्ता तोडायचा गावाचा हक्कही त्यातच लिहून टाका. तोटा इतकाच, की उद्घाटनाला गर्दी जमणार नाही. ज्यांच्यासाठी उद्घाटन करायचं, ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या आतच आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
पायवाटेच्या आड येणारा एक गावकरी