तुलनाकारांस पुराव्याविषयी काही सूचना

कादंबरी आणि तिच्यावरून निघालेला चित्रपट यांची तुलना करू इच्छिणाऱ्या सद्गृहस्थाने प्रथम हे ध्यानी घ्यावे, की या व्यवसायात कादंबरी वाचलेली असण्याची अट अद्याप कोणी घातलेली नाही. किंबहुना ‘मूळ पुस्तकाची सर चित्रपटास नाही’ हा निकाल पुस्तक न उघडता, चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरता उतरताच देण्याची आपल्याकडे दीर्घ आणि सन्मान्य परंपरा आहे. तथापि अलीकडे वाचक आधार मागू लागले असल्याने दप्तरी थोडाबहुत पुरावा रुजू असलेला बरा.

पहिली तसदी नावाची. प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) पाहून जो ग्रंथालयात ‘कुंकू’ कादंबरी मागेल, त्याची चिठ्ठी तशीच परत येईल, कारण ना. ह. आपट्यांच्या त्या कादंबरीचे नाव ‘न पटणारी गोष्ट’. उलट, नावे जुळली एवढ्यावरून हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन अनंत माने यांच्या १९५९ च्या त्याच नावाच्या तमाशापटाशी ताडून पाहणाऱ्यास, दिग्दर्शकाने एकही प्रसंग मुळाबरहुकूम ठेवला नाही अशी सणसणीत फिर्याद दाखल करता येईल. चित्रपट आधीचा, पुस्तक नंतरचे, आणि पुस्तकाने त्याच्याकडून नाव तेवढे उचललेले, ही क्षुल्लक अडचण आहे खरी. त्या आत्मकथनावर आधारलेला चित्रपट म्हणजे श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’.

खरी कसोटी लागते ती जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’पाशी (१९७९). येथे ‘कादंबरीत असे नव्हते’ असे ठणकावण्यापूर्वी कोणत्या कादंबरीत, हे सांगावे लागते. कारण अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्या एकत्र गुंफून विजय तेंडुलकरांनी ही पटकथा सिद्ध केली. आता अखेरीस पत्रकार दिगू टिपणीस भर रस्त्यात जे वेडेपिसे हसतो, ते हसणे कोणाच्या खाती मांडावे? साधूंच्या, तेंडुलकरांच्या, पटेलांच्या की दिगू साकारणाऱ्या निळू फुल्यांच्या? चार वारस, आणि वाटणीपत्र कोणाजवळच नाही. आमच्या मते दोन्ही कादंबऱ्यांची अखेरची प्रकरणे आणि पटकथा एकापुढे एक ठेवून वाचण्यावाचून या दाव्याचा निकाल लागत नाही. परंतु इतकी दगदग करणारा मनुष्य लेख वेळेवर देऊ शकत नाही, हेही संपादकांच्या दृष्टीने विचारात घेतले पाहिजे.

साक्षीदारांची प्रतवारी येणेप्रमाणे करावी. चित्रपटाची श्रेयनामावली हा अव्वल दस्तऐवज; म्हणून ती पडद्यावर सरकत असताना शेंगदाण्यांच्या पुडीत लक्ष घालू नये. लेखक आणि दिग्दर्शक यांच्या मुलाखती अवश्य घ्याव्यात, मात्र दोघेही प्रकरणात हितसंबंधी असून चित्रपट गाजल्यास दिग्दर्शकाची आणि पडल्यास लेखकाची स्मृती विशेष तल्लख होते, याची नोंद समासात असावी. जुन्या परीक्षणांतून वाक्य उचलताना परीक्षकाने तरी पुस्तक वाचले होते काय, याची चौकशी करावी. पुष्कळदा साखळी तिथेच तुटते.

पृष्ठांक देताना आवृत्तीही द्यावी, कारण नव्या आवृत्तीत पाने सरकतात आणि प्रामाणिक लेखक खोटा ठरतो. पुस्तक मिळतच नसेल तर ग्रंथपालाकडे नाव नोंदवून ठेवावे, आणि पाळी येईपर्यंत लेखात ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द योजावेत; त्यांच्यावर आजवर कोणासही खटला भरता आलेला नाही.