छप्पन्न लिटरांची श्रीमंती

सुरगाण्याला पाण्याचा तालुका म्हणतात, ते पावसाळ्यापुरते. मृगाने धरले की इथे आभाळ फाटते, नार आणि पार दुथडी भरून गुजरातेत उतरतात, आणि शिमगा सरला की त्याच नद्यांच्या कोरड्या पात्रात बायाबापड्या झिऱ्याशी बसून वाटीवाटीने हंडा भरतात. अशा तालुक्यातल्या दिवाणखान्यांत अलीकडे काचेचे फिशटँक दिसू लागले आहेत. काही कुरकुरी मंडळी याला चैन म्हणतात. आमच्या मते हा नागरिकशास्त्राचा धडा आहे आणि त्याचे व्हावे तेवढे कौतुक झालेले नाही.

आधी हिशेब पाहू. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी पेटी काठोकाठ भरली तर 56 लिटर पाणी मावते. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई रोज 55 लिटर पाणी ठरवले आहे. माणसाला 55 आणि माशांना 56. वरचा एक लिटर अतिथीधर्माचा समजावा. शिवाय माणसाचे पाणी पुष्कळदा कागदावरच असते, माशांचे मात्र चोवीस तास डोळ्यांसमोर, वर दिव्याच्या उजेडात. टंचाईच्या गावात भरलेले पाणी नुसते पाहायला मिळणे ही काय थोडी सोय झाली?

या छंदाची गतीही वाखाणण्याजोगी आहे. जाणकार सांगतात की पेटी लावल्यावर चार ते सहा आठवडे थांबावे. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात, आणि ही वसाहत बसायला तेवढा वेळ लागतो. पण महिनाभर नुसते पाणी बघत बसायचे, तर त्यासाठी पैसे खर्चून पेटी कशाला आणायची? आपण सकाळी नाशिकला जातो, काच, निळी खडी, प्लॅस्टिकचे कमळ, बुडबुडा आला की आ वासणारा शिंपला आणि वीस मासे घेतो, आणि फुगवलेली पिशवी मांडीवर धरून एसटीने वणी, बोरगाव करत संध्याकाळच्या आत घरी येतो. दिवेलागणीला वीसच्या वीस पाण्यात. मागे समुद्रातल्या पोवळ्यांचे पोस्टर असते. गोल्डफिश गोड्या पाण्यातला आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. नारेच्या पात्रात खडी फुकट पडली आहे खरी, पण तिचा रंग खडीसारखाच असल्यामुळे ती घरात शोभत नाही.

आठवड्याने पाणी दुधाळ होते. तेव्हा घरातले कर्ते माणूस रविवारी बाह्या सरसावून सगळे पाणी मोरीत ओतते, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळाखळा धुते आणि पेटीत टीसीएलचा वास येणारे नवे पाणी भरते. त्या आठ दिवसांत स्पंजात जे चार जिवाणू मुक्कामाच्या इराद्याने आले असतील, तेही वाहून जातात. उपऱ्यांना मुरू न देण्याचे हे धोरण अनेक पुढाऱ्यांना भाषणांतूनही इतके नेटाने राबवता आलेले नाही.

वळवाच्या पहिल्या वाऱ्याबरोबर वीज जाते आणि ‘ऑक्सिजन’ बंद पडतो. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. पाहुणे म्हणतात, किती माणसाळलेत! यजमान आणखी चिमूटभर खाणे टाकतात.

मग एकेक मासा उलटा होतो. इथे आपल्या शास्त्राची खरी थोरवी दिसते. आठ सोनेरी आणि एक काळा अशी नऊ माशांची मांडणी आता सर्वमान्य झाली आहे. त्यांतला एखादा गेला तर घरावर येणारी पीडा त्याने अंगावर घेतली असे धरायचे. अमोनियाला दोष नाही, घरमालकाला नाही, दुकानदाराला तर नाहीच. उलट त्याच्याकडून नवा मासा आणायचा. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा वर्षांवर जगतो आणि वीतभर वाढतो. एवढा काळ जगून तो एकच पीडा टाळणार. भांड्यात ठेवला तर महिन्याला एक टळते. 2017 साली केंद्र सरकारने मासे ठेवण्या-विकण्यावर कडक नियम काढले होते. धंदेवाल्यांनी ओरड केली आणि ते मागे घेतले गेले. घरोघरच्या पीडांचा विचार कोणीतरी केला म्हणायचा.

काच चाटून साफ करणारा ‘सकर’ हा या मांडणीतला मानाचा पाहुणा. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. सह्याद्रीच्या ओढ्यांत मळ्या नावाचा मासा आहे. तोही खडकाला चिकटून शेवाळ खरवडतो, आणि कर्नल साईक्सने 1839 साली त्याचे शास्त्रीय नाव ठेवताना मराठी नावच उचलले होते. पण मळ्या ओढ्यात आयता मिळतो, त्यामुळे त्याला पाहुण्यांत किंमत नाही.

सकर दुकानात दोन इंचांचा असतो. पुढे तो फूटभर होतो आणि दोन फुटांच्या पेटीत त्याला वळता येईनासे होते. माणूस दयाळू असल्यामुळे त्याला मारत नाही. पिशवीत घालून नदीत सोडतो आणि हात जोडतो. उजनीच्या मच्छीमारांना हे पुण्य ओळखीचे आहे. त्यांच्या जाळ्यात रोहू-कटल्याऐवजी काटेरी सकर अडकतो, जाळे फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. नार-पारचे पाणी गिरणेत नेण्याच्या योजनेला राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मंजुरी दिली आहे. आपण आतापासून नियमाने सोडत राहिलो, तर सुरगाण्याचा सकर या पाण्याबरोबर खानदेशात पोचेल, आणि त्याच्यासाठी भूसंपादनाची नोटीसही काढावी लागणार नाही.