कपाटाचा गृहप्रवेश

निजामी अमदानीत बांधलेल्या हुलसूरच्या आमच्या घराची चौकट उंचीला ५ फूट व रुंदीला अडीच. येणाऱ्याने, मग तो तहसीलदार का असेना, मस्तक लववूनच आत यावे, असा तिचा अलिखित हुकूम. तो पाहुण्यांनी पाळला, नव्या सुनांनी तर पाळलाच; परंतु लेकाच्या लग्नात आलेल्या साडेसहा फुटी लोखंडी कपाटास कंबरच नसल्यामुळे, ते आडवे होऊन अर्धे आत शिरले आणि बोळाच्या वळणावर असे ठाण मांडून बसले की, घरातले घरात व दारातले दारात राहिले. पंच जमले, ‘तिरकं घ्या’ असे मराठीत, ‘स्वल्प हिंदक्के’ असे कन्नडात आणि ‘आहिस्ता, आहिस्ता’ असे दखनीत फर्मान सुटले, कपाट तसूभर हलले नाही. तेव्हा एका वयोवृद्धाने दाखला काढला : १९५६ साली आपला बीदर जिल्हाही अखंड कोठे मावला? म्हैसूर, मुंबई व आंध्र या तीन दारांतून नेण्यासाठी त्याचे तुकडेच करावे लागले.

जिल्ह्याइतके सोशीक नसलेले ते कपाट मात्र, मोठ्या मिनतवारीने मागे ओढल्यावर, आजतागायत ओसरीवर उभे असून त्यात आम्ही जोडे ठेवतो.