दोन बोटं डावीकडं

आमच्या गाडीची कंपनी मी सांगणार नाही. दोष गाडीचा नाही, घेणाऱ्याचा आहे, आणि घेणारा सध्या हप्ते फेडतोय. परदेशी आहे, एवढं पुरे. नवी होती तेव्हा ५० लाखांची. मला नऊ वर्षांनी साडेनऊ लाखांत मिळाली. 'मिळाली' हे त्या दिवशीचं क्रियापद. आता मी 'गळ्यात पडली' म्हणतो.

खरं तर सगळा दोष औरंगाबादकरांचा. २०१० च्या ऑक्टोबरात त्यांनी एकाच दिवशी ६५ कोटींच्या १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. 'जालना सोने का पालना' म्हणत आम्ही मोठे झालो, आणि बाळसं साठ किलोमीटरवरच्या गावाला! तो हिशेब मी एकट्यानं, एका जुन्या आणि दुसऱ्याच कंपनीच्या गाडीनं चुकता करायला निघालो.

गाडी दिल्लीची. तिथे तेव्हा दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी होती, म्हणून नवव्या वर्षी लोक त्या उजवून टाकायचे. एजंट म्हणाला, "डॉक्टरसाहब की गाडी है, एक हाथ चली हुई." डॉक्टर पेशंटला दुसरीकडे केव्हा पाठवतात, हे काय मला ठाऊक नव्हतं?

मग गणित कळलं. गाडीचा भाव उतरतो, सुट्या भागांचा उतरत नाही. साडेनऊ लाखांच्या गाडीला ५० लाखांच्या गाडीचेच भाग लागतात. ही गाडी स्प्रिंगांवर नाही, रबराच्या फुग्यांवर उभी असते. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. फुग्याला बारीक चीर पडली की रात्रीतून हवा निघते आणि सकाळी गाडी डाव्या अंगाला रेललेली, रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी. तिला उठवायला कॉम्प्रेसर हवा भरत राहतो आणि धापा टाकून टाकून तोही जळतो. दोघांचे मिळून एक लाख दहा हजार. गिअरबॉक्सचं तेल म्हणे आयुष्यभराचं होतं. कुणाच्या आयुष्यभराचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

आता थोडं भंगाराविषयी. बायको म्हणते, "अहो, तुमचं कुठलंही बोलणं शेवटी भंगारावर येतं." पण जालन्याचा माणूस दुसरं कुठे येणार? आमचं गाव म्हणजे लोखंडाची काशी. नांगराचे फाळ, शाळेची बाकं, मोडक्या खाटा, ट्रकांच्या चेसिस, सगळं इथे मोक्षाला येतं. सोळाशे अंशांच्या आसपास भट्टीत वितळतं आणि सळई होऊन पुन्हा जन्म घेतं. कुणाच्या तरी नव्या स्लॅबमध्ये आज एखादा गंजका फाळ आणि एखाद्या साहेबाची तिजोरी शेजारी-शेजारी नांदत असतील. भट्टी कंपनी विचारत नाही. चुंबक लावायचं, चिकटलं तर आपलं. ओळखीच्या भंगारवाल्यानं गमतीनं माझ्या बॉनेटला चुंबक लावलं. चिकटलंच नाही. ॲल्युमिनियम! "साहेब, हे आपल्या भट्टीचं न्हाई," तो म्हणाला. मेल्यावरही जालन्याच्या लोखंडात मिसळणार नाही, एवढा माज.

माझे दादा, म्हणजे वडील, एका मिलमध्ये तीस वर्षं काट्यावर कारकून होते. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी. मी गाडी दारात उभी केली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "किती भरंल?"

"दादा, एकशे नव्वद हॉर्सपॉवर..."

"वजन इचारलं मी."

लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन मिलवर जायचो. गेटातून मालकांची गाडी आली की दादा केबिनमध्ये उठून उभे राहायचे, हातातलं पेन हातात. गाडी थांबायची नाही. काचा काळ्या, आतून कुणी पाहत होतं की नाही, कोण जाणे. पाहत नसतीलच. गाडी वळून दिसेनाशी झाली की दादा बसायचे आणि अर्धवट राहिलेला आकडा पुरा करायचे. मला त्या गाडीचा नाही, त्या काचेचा राग यायचा. मायलेज, सेफ्टी, समृद्धी महामार्ग ही कारणं मी बायकोला सांगितली. खरं कारण एवढंच, की मला दादांना त्या काचेच्या आत बसवायचं होतं.

बसले. कुंडलिकेच्या पुलावरून जुन्या जालन्यात एक चक्कर झाली. "लई खाली हाय रे ही," म्हणाले. मग म्हणाले, "काच खाली घे. माणसं दिसंनात."

आता रोज सकाळी सहाला ते टोपी घालून गाडीपाशी उभे असतात. चाक आणि पत्रा यांच्यातल्या फटीत बोटं घालून माप घेतात आणि मला उठवून आकडा सांगतात. "आज दोन बोटं डावीकडं."

गेल्या महिन्यात परतूरहून गिऱ्हाईक आलं. नवीन जालन्यातल्या आमच्या गल्लीत ती गाडी उन्हात अशी चमकत होती की मलाच पुन्हा घ्यावीशी वाटली. फुगे नुकतेच भरलेले. गिऱ्हाईकानं विचारलं, "कुणाची व्हती?" आणि माझ्याच तोंडून मी ऐकलं, "डॉक्टरांची. एक हाती चाललेली."

"डावीकडून बसती," ओट्यावरून दादा म्हणाले. "रातीतून दोन बोटं. फुगा बदलावा लागंल."

गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं. मी धुसफुसलो. "दादा, पाच मिनिटं गप्प बसता आलं नसतं?"

"तीस वर्षं काट्यावर बसलो. कुणाचं दोन किलो इकडचं तिकडं केलं न्हाई. तुझ्या गाडीसाठी करू?"

मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सहाला त्यांनी नेहमीसारखं हलवून उठवलं.

"तीन," म्हणाले. "आज तीन."