उणे एक

रायगड जिल्ह्यातल्या निडी स्टेशनच्या आसपास चाळिशी गाठलेला, दुकानदाराची उधारी दर महिन्याला चुकती करणारा आणि आयुष्यात कर्जाच्या वाटेला न गेलेला माणूस भेटला, तर त्याला भला म्हणू नका. कर्जदारांची पत मोजणाऱ्या सिबिलच्या लेखी तो संशयित आहे. तिथे स्कोअर 300 ते 900 असतो. ज्याने कधी कर्जच घेतले नाही, त्याच्या नावापुढे उणे एक लागतो. म्हणजे हप्ते बुडवणाऱ्याला निदान तीनशे तरी मिळतात!

उपाय सोपा आहे. स्वतःचे पैसे बँकेत मुदत ठेवीत अडकवा, त्या तारणावर क्रेडिट कार्ड घ्या, गरज नसलेली खरेदी करा आणि बिल वेळेवर भरा. आपलेच पैसे आपणच उसने घेऊन परत केले, की काही महिन्यांत तुम्ही विश्वासू ठरता.

पत अशी एकाच बाजूने मोजतात: कर्जदाराची, बँकेची नाही. पेण अर्बन बँकेवर 2010 साली रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. त्या ठेवीदारांना बँकेचा स्कोअर आधी कुणी दाखवला होता?

तरी एक लक्षात ठेवा: केवळ कर्जाचा इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितल्याचे सरकारने 2025 मध्ये लोकसभेत स्पष्ट केले आहे. बँकेतल्या साहेबाने नकारार्थी मान हलवली, तर हे वाक्य जरूर ऐकवा.