काय उजेड पाडला!

रात्री नऊ वाजले की आमच्या सोसायटीच्या बी विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर एकदम झगझगाट होतो. मग तो पिवळा पडतो, मग निळसर पांढरा होतो, आणि मग डावीकडून सरकत येऊन समोरच्यांच्या जेवणाच्या ताटात पडतो. नव्या भाडेकरूंना वाटतं, तिथे सिरियलचं शूटिंग चालतं. आम्हा जुन्यांना ठाऊक असतं की काका दिवा बसवताहेत. गेली दोन वर्षं.

काका बँकेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी बोहरी आळीत जाऊन रंधा, तीन पटाश्या, एक करवत आणि एक लोखंडी शिकंजा घेऊन आले. बंद करून घेतलेल्या गॅलरीत तीन इंच जाडीचं टेबल ठोकलं. पहिली दोन वर्षं डोक्यावरच्या एका ट्यूबखाली माणूस सुखात होता. अकरा चौरंग केले. सगळे आप्तेष्टांत वाटले. एकही चौरंग चारही पायांवर एका वेळी उभा राहत नसे, पण भेट म्हणून आलेल्या चौरंगाच्या पायाखाली घडी केलेला कागद सारायचा असतो, एवढं आपल्या लोकांना कळतं.

एके दिवशी पटाशी सटकली आणि अंगठ्याला टाके पडले. काकांनी चौकशी समिती नेमली, समितीत स्वतःच बसले, आणि निष्कर्ष काढला: दोष पटाशीचा नाही, हाताचाही नाही. ट्यूब पाठीमागे असल्यामुळे वाकलं की काकांच्या स्वतःच्या डोक्याची सावली नेमकी पेन्सिलच्या रेघेवर पडते. निष्कर्ष बरोबर होता, हे मान्य करायला हवं. दुसऱ्या कुणी ट्यूब पुढच्या भिंतीवर हलवली असती. पण ज्यांनी ३४ वर्षं तीन कोटेशनं मागवल्याशिवाय स्टेपलर घेतला नाही, त्यांच्याकडून ही अपेक्षा चूक.

तपकीर गल्लीतले दुकानदार आता काकांना लांबून ओळखतात. खिशात सागवान, शिसव आणि आंबा अशा तीन लाकडांचे तुकडे घेऊन काका दुकानात शिरतात, दिवा लावायला सांगतात, त्याखाली तुकडे धरतात आणि मग ते घेऊन रस्त्यावर उन्हात जातात. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. स्वस्त एलईडीखाली सागवानाचा तांबूसपणा मरतो आणि सगळंच खोक्याच्या पुठ्ठ्यासारखं दिसतं, म्हणून ही ये-जा. काकू लक्ष्मी रोडवर साडीचा पदर उजेडात बघायला दुकानाबाहेर यायच्या, तेव्हा हाच गृहस्थ पायरीवर उभा राहून घड्याळ दाखवायचा. काकूंनी हे मनात ठेवलेलं आहे. त्या हल्ली काकांबरोबर जातात, फक्त घड्याळ दाखवायला.

रंगाचं जमलं तर थरथरीचं अडतं. काका मोबाईलचा कॅमेरा दिव्यावर रोखतात, पडद्यावर काळे पट्टे सरकले की दुकानदारापुढे धरतात. “तुमचा दिवा थरथरतोय.”

“काका, दोन वर्षांची गॅरंटी आहे.”

“जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, ठाऊक आहे? लेथचा चार जबड्यांचा चक मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असला, तर अशा उजेडात तो थांबल्यासारखा दिसतो. माणूस हात घालतो!”

“तुमच्याकडे लेथ आहे?”

लेथ काकांकडे नाही. ठेवायची झाली तर काकूंना घराबाहेर राहावं लागेल. पण उद्या आलीच तर?

शेवटी हवा तसा वळणारा, दोन दांड्या आणि स्प्रिंगांचा टेबललॅम्प घरी आला. तो बघायला आम्हाला चहाला बोलावलं. “हा दिवा काढला कुणी? मोटारींच्या सस्पेन्शनचं काम करणाऱ्या माणसानं! इंग्लंडातल्या बाथ गावचा, कार्वर्डाइन. १९३२चं पेटंट आहे. स्प्रिंगेची ओढ वजनाला कुठेही तोलून धरते, त्यामुळे दिवा सोडला तिथे थांबतो. बँकेत असा एक क्लार्क मिळाला नाही मला.” हे चालू असतानाच दिवा मोठ्यांच्या पाया पडावा तसा हळूहळू वाकला आणि चहाच्या कपाला टेकला. काकांनी त्याच्या तोंडावर सुधारणा म्हणून पाव किलोचं भिंग बसवलं होतं, आणि स्प्रिंगेला कुणी तसं कळवलं नव्हतं. पुढे त्याच भिंगानं सकाळच्या उन्हात भुशाला काळा डाग पाडला. तेव्हापासून काकू भिंगाला नातवाची कानटोपी घालून ठेवतात.

दिव्याचा क्लॅम्प दोन इंच उघडायचा, टेबल तीन इंच. मग काकांनी क्लॅम्प काढून टाकला, टेबलाच्या कडेला ड्रिलनं भोकं पाडली आणि दिव्याचा खुंट त्यात बसवला. जिथे काम तिथे दिवा. कल्पना उत्तम, पण काम कुठे निघेल सांगता येत नाही, म्हणून भोकं चौदा झाली. इतकी दोन बासऱ्यांना पुरतात. दिवा तीन फुटांवरून दीड फुटावर आणला की उजेड चौपट होतो, हा शोध लागल्यावर उंचीसाठी वेगळे खुंट झाले. सावली मारायला दुसरा दिवा आला, दुसऱ्याची सावली मारायला तिसरा. आता पटाशी टेकवली की तिला तीन सावल्या पडतात आणि खरी कडा कुठली, यावर काका बराच वेळ विचार करतात.

खालच्या फ्लॅटमध्ये काम करणारा राजस्थानी मिस्त्री हे बघून गेला. तो स्वतः वायरला लोंबणाऱ्या बल्बखाली फर्निचर करतो आणि रंधा मारून झाला की मान भलतीकडे वळवून बोटांनी फळी चाचपतो. त्यानं दिवे बघितले नाहीत. पटाशीच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “काका, बत्ती राहू द्या. हिला धार लावा.” काकांनी त्याला चहा दिला, पण माणूस जुन्या वळणाचा आहे असं आम्हाला नंतर सांगितलं.

आणि मग मागच्या महिन्यात काकांना तिरपा उजेड सापडला. दिवा लाकडाच्या अगदी शेजारी, जवळजवळ झोपवायचा. दुपारी बाराला सपाट वाटणारा माळ संध्याकाळी सहाच्या उन्हात कसा खड्ड्याखड्ड्यांनी भरलेला दिसतो, तसं होतं. रंध्याचा प्रत्येक फराटा, पॉलिश पेपरचा प्रत्येक ओरखडा, उलट्या रेषेत निघालेली प्रत्येक ढलपी सावली टाकून उभी राहते. काकांनी घरातली स्वतः केलेली एकेक वस्तू त्या उजेडात धरली. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ते टॉर्च घेऊन बाहेर पडले. आता ज्याच्या घरी जातात त्याच्या डायनिंग टेबलाला गाल टेकवून टॉर्च मारतात. एका साखरपुड्यात मुलाकडच्यांच्या शोकेसवर मारला, तेव्हा काकूंना तातडीनं चक्कर आली.

परवा आमच्याकडे आले. आमच्या ओट्यापाशी मिक्सरखाली एक चौरंग असतो, त्यावर प्लॅस्टिकचं कापड. काकांनी कापड सारलं, मिक्सर उचलून बायकोच्या हातात दिला, मला स्वयंपाकघरातला दिवा घालवायला सांगितला आणि टॉर्च आडवा धरला. बराच वेळ जिभेचा च्यॅक च्यॅक आवाज येत होता. मग पायाखालचा कागद बोटानं ओढून उजेडात धरला.

“चारी पायांत मेळ नाही. कुठल्या सुताराकडून घेतलात हो हा?”

अंधारात बायकोनं मला कोपर मारलं. मी म्हणालो, “वास्तुशांतीला आला होता. कुणी दिला, आठवत नाही.”

“आठवलं तर सांगा,” काका म्हणाले, “एक दिवा नेऊन देतो त्याला.”